कुको चेंडू देत नाही

आमच्या शेजारी एक मेक्सिकन राहतो. कागदोपत्री तो रेफुहियो कोता, पण सगळे त्याला कुको म्हणतात. त्याच्या मुलखात रेफुहियो नावाचं पोर जन्मल्याबरोबर कुको होतं आणि म्हातारं होऊन मरेपर्यंत कुकोच राहतं. आपल्याकडे बंड्याआजोबा असतात, तसंच. आमच्या कुकोला तीन वयं आहेत. एक पासपोर्टावरचं, एक क्लबच्या वेबसाइटवरचं आणि एक गुडघ्यांचं. वेबसाइटवर तो अडतिशीचा आहे, आणि आम्ही नेदरलँड्समध्ये, विमानतळाला खेटून असलेल्या बाडहूव्हडॉर्पला राहायला आलो तेव्हापासून अडतिशीचाच आहे. पोट सुटलेलं, मिशी पांढरी व्हायला लागलेली आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच खाली उतरलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, याने जन्मभर एकाच हाताने पाण्याच्या बादल्या वाहिल्या असाव्यात.

प्रत्यक्षात त्याने जन्मभर चेंडू फेकले होते. कुको बेसबॉलमधला पिचर, आणि हौशी नव्हे, पोटापाण्यासाठी खेळणारा. आता पोटापाण्यासाठी तो विमानतळावरच्या एका गोदामात गुलाबाची खोकी उतरवतो आणि शनिवारी गावाबाहेर, बीटच्या शेताला लागून असलेल्या क्लबात गेल्या वर्षापर्यंत चेंडू फेकायचा. मला खेळातलं काही कळत नाही. माझं लग्न राजनशी झालंय, राजनला क्रिकेटखेरीज दुसरं काही कळत नाही, म्हणजे एका घराला पुरेल एवढा खेळ आमच्याकडे आधीच होता. मी एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधते. संध्याकाळी घरी आल्यावर राजनच्या शोधते.

तर हा कुको मला कळला तो कुंपणावरून. आमच्या गावात बोलणं विमानांच्या सोयीने करावं लागतं. विमान डोक्यावर आलं की वाक्य असेल तिथे थांबवायचं, ते गेलं की पुढचा शब्द घ्यायचा. कुको या कलेत तरबेज आहे. तो थांबताना हात हवेत तसाच धरून ठेवतो. त्याची अख्खी कारकीर्द मी अशीच ऐकली, तुकड्यातुकड्यांत, कपडे वाळत घालताना, त्याच्या मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या मोडक्या डचमध्ये.

मेक्सिको म्हटलं की फुटबॉल, असं मी सुरुवातीलाच म्हणाले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू पुण्यात उभी राहून मी बाकरवडीला नावं ठेवली. तो सोनोरा प्रांतातल्या नावोहोआ गावचा. तिकडे वायव्येला फुटबॉल हा बेसबॉल न जमणाऱ्यांचा खेळ आहे, असं त्याचं म्हणणं. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. सतराव्या वर्षी कोणीतरी याचा हात पाहिला आणि करार झाला. मग एक उन्हाळा अमेरिकेत, पार खालच्या पायरीच्या लीगमध्ये. तिथून परत पाठवला, कारण त्याच्या चेंडूला वेग होता, पत्ता नव्हता. फलंदाजापेक्षा प्रेक्षक जास्त घाबरायचे. मग मेक्सिकोत, अख्खा दिवस खाणारे बसप्रवास, खिडकीला टेकवलेला बर्फात गुंडाळलेला हात, आणि हळूहळू चेंडूला पत्ता सापडला. पंचविशीत तो तिकडे चांगला नावाजलेला होता. वर्तमानपत्रात फोटो यायचा. मला दाखवला त्याने. मिशी काळी आणि पोट आत.

"मग इथे कसा?" मी विचारलं.

विमान आलं. त्याने हात हवेत धरला. विमान गेलं आणि तो म्हणाला, "चेंडू दिला नाही म्हणून."

हे समजायला एक पद्धत माहीत असावी लागते. बेसबॉलमध्ये पिचर थकला किंवा मार खायला लागला की संघाचा मॅनेजर बाकावरून उठतो, सावकाश चालत मैदानातल्या त्या मातीच्या उंचवट्यावर जातो आणि पिचरपुढे हात पसरतो. पिचरने त्या हातात चेंडू ठेवायचा आणि निमूट बाहेर यायचं. वाद घालायचा नाही, फेकायचा नाही. हातात द्यायचा. आणि एकदा मैदानाबाहेर आलं की त्या सामन्यात पुन्हा पाऊल टाकता येत नाही. कितीही मोठा खेळाडू असो, हे एवढं नीट करतो. लग्नात मुलीकडच्यांनी निरोप द्यावा तसा.

कुकोला ते कधीच जमलं नाही. मेक्सिकोत, बाद फेरीच्या सामन्यात, संघ पुढे असताना मॅनेजर हात पसरून आला, तेव्हा याने चेंडू गरकन फिरून स्टेडियमच्या भिंतीबाहेर फेकला. तो बाहेरच्या टाकोवाल्याच्या उकळत्या तेलात पडला. टाकोवाला भाजला नाही, पण त्याने दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राला मुलाखत दिली आणि कुकोला नाव पडलं, चेंडूचा मालक. आठवड्याभरात संघाने त्याला दुसऱ्या संघाकडे ढकलला, त्यांनी तिसऱ्याकडे. मग इटली. इटलीत मॅनेजर आला तेव्हा कुकोने चेंडू विजारीत घातला आणि सांगितलं, हवा असेल तर काढून घे. मॅनेजर सभ्य माणूस होता, त्याने काढला नाही. त्यानंतर नेदरलँड्स. इथल्या पहिल्याच मोसमात मॅनेजर उंचवट्याकडे निघाल्याचं पाहून हा चेंडूसकट उलट दिशेने चालत गेला, गेटबाहेर सायकल घेतली आणि गणवेशातच घरी आला. तो चेंडू तेव्हापासून त्यांच्या समोरच्या खिडकीत, कोरफडीच्या कुंडीशेजारी ठेवलेला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा.

डच माणूस असल्या गोष्टीवर चिडत नाही. तो मीटिंग लावतो. क्लबने मीटिंग लावली, कॉफी आणि एकेक बिस्कीट झालं, आणि ठरलं की कुको चांगला पिचर आहे, सबब मॅनेजरने शक्यतो उंचवट्यावर जाऊ नये.

"पण का देत नाहीस?" मी विचारलं. "एवढा साधा चेंडू."

"दिला की संपलं," कुको म्हणाला. "परत मिळत नाही. आणि मागायला येतो तो खोटं बोलतो. मस्त खेळलास, हाताला विश्रांती दे, पुढच्या वेळी बघू. सगळे हेच बोलतात. सगळ्यांना फक्त मला बाहेर काढायचं असतं."

त्याचं गाऱ्हाणं मला पटलं. आमच्या ऑफिसातही माणसाला प्रोजेक्टवरून काढताना हीच तीन वाक्यं बोलतात.

आता खरी अडचण. गेल्या वर्षी वसंतात कुकोच्या हाताने जवळजवळ राजीनामा दिला. क्लबचा मॅनेजर श्यूर्ड, म्हणजे एक उंच, शांत, सुतारकाम करणारा माणूस, म्हणाला की हा तुझा शेवटचा मोसम, पुढच्या वर्षी तू आमच्या पिचरांचा कोच हो, उंचवट्यावर जायचं कामही तूच कर. कुको हरखला. पण क्लबच्या अध्यक्षबाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या आणि त्यांना पोरांची नाडी ठाऊक होती. त्या म्हणाल्या, कोचचं कामच मुळी जाऊन चेंडू मागायचं. ज्याने आयुष्यात कुणाला चेंडू दिला नाही तो कोणत्या तोंडाने मागणार? या मोसमात श्यूर्ड मागायला आला की कुकोने तो सगळ्यांसमोर हातात द्यायचा. दिला तर कोच. नाहीतर फुलांचा हार आणि टाटा.

हे मला कुकोने नाही, त्याच्या बायकोने सांगितलं. मार्लेन विमानतळावर लोकांना पट्टे आणि बूट काढायला लावते आणि घरीही त्याच आवाजात बोलते. पण त्या दिवशी तिचा आवाज खाली होता.

"मंजू, याला बेसबॉलखेरीज काही येत नाही," ती म्हणाली. "कोच झाला नाही तर तो शनिवारी सोफ्यावर बसेल. मागच्या हिवाळ्यात खांदा दुखावला होता तेव्हा बसला होता. भिंतीकडे बघायचा. मी बोलले तरी ऐकायला यायचं नाही त्याला. मला ते पुन्हा बघायचं नाहीये."

मी तिचा हात धरला. मला त्या माणसाची काळजी वाटायला लागली होती, आणि हे मला मुळीच आवडलं नव्हतं.

याच सुमारास राजनला शोध लागला की शेजारी व्यावसायिक गोलंदाज राहतो. इतकी वर्षं तो कुकोला फक्त कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना हात करायचा. एका जेवणात मी सहज म्हणाले, की कुको उमेदीत ताशी दीडशेच्या वेगाने चेंडू फेकायचा. राजनचा घास तोंडाशी थांबला.

सांगायला हवं, की दर जूनमध्ये मराठी मंडळाची क्रिकेट स्पर्धा असते आणि दर जूनमध्ये राजनचा अ‍ॅमस्टरडॅमचा संघ अंतिम सामन्यात आर्नहेमकडून हरतो. आर्नहेमवाले सगळे वीजकंपन्यांत कामाला आहेत आणि राजनच्या मते त्यांना दुसरा उद्योग नाही. हरल्यावर पुढचे काही दिवस आमच्या घरी वरणात मीठ आहे की नाही हे कुणालाही कळत नाही.

"अगं, हा फेकतो तर टाकेल का नाही?" राजन म्हणाला. "फक्त हात सरळ ठेवायचा. पंधरा दिवसांत शिकवतो."

ज्यांनी क्रिकेट पाहिलं नाही त्यांच्यासाठी: क्रिकेटमध्ये कोपर वाकवून चेंडू फेकला तर तो अवैध ठरतो, नो-बॉल. पिचरचं सगळं शास्त्र त्याच कोपरात असतं. म्हणजे कथक नाचणाऱ्या बाईला पाय न हलवता नाचायला सांगण्यातला हा प्रकार होता. हे मला दिसत होतं. घरातल्या गोलंदाजीच्या जाणकाराला दिसत नव्हतं, कारण त्याला आर्नहेम दिसत होतं.

कुको मात्र लगेच तयार झाला. चेंडू हातात येणार म्हटल्यावर तो कुठेही येईल. पहिला सराव आमच्या परसात झाला. राजनने कुकोचा हात सरळ करून दाखवला, कुकोने सरळ हाताने पहिला चेंडू टाकला आणि तो मार्लेनच्या टोमॅटोच्या काचेच्या पेटीत गेला. त्यानंतर दोघं बंधाऱ्याकडे जायला लागले. परत येताना राजन म्हणायचा, सुधारणा आहे. कुको म्हणायचा, विचित्र खेळ आहे, चेंडू जमिनीवर आपटतात.

सामना बुइटनव्हेल्डर्टजवळच्या मैदानावर होता. गार वारा, मंडळाच्या बायकांनी आणलेला वडापाव, थर्मासमधला चहा, आणि अंपायर म्हणून अंबरीश. अंबरीशने तरुणपणी दादरला अंपायरची परीक्षा दिली होती. त्याच्या समोर सख्खा भाऊ आला तरी तो नियम सोडत नाही, म्हणून भाऊ त्याच्याकडे येत नाही. मार्लेन माझ्या शेजारी घोंगडी गुंडाळून बसली होती.

दहा-दहा षटकांचा सामना. आमची फलंदाजी त्यातल्या त्यात बरी झाली. शेवटची तीन षटकं राहिली तेव्हा आर्नहेमला बऱ्यापैकी धावा हव्या होत्या आणि राजनने आपलं अस्त्र बाहेर काढलं.

कुको धावत आला. मग धावायचं असतं की उभं राहायचं असतं हे विसरून मध्येच थांबला, गुडघा छातीपर्यंत उचलला आणि जन्मभराच्या सवयीने फेकला. चेंडू कोणाला दिसला नाही. यष्टिरक्षकाने आडवं होऊन जीव वाचवला आणि चेंडू मागच्या कालव्यात गेला. बदकं उडाली.

"नो-बॉल!" अंबरीश गरजला. "कोपर!"

दुसरा चेंडू आणला. तोही नो-बॉल. मग कुकोने हात खांबासारखा ताठ केला आणि चेंडू लहान मुलाला द्यावा तसा वर उडवला. आर्नहेमच्या फलंदाजाला आधी खरं वाटेना, मग त्याने तो रस्त्यापलीकडे टाकला. ते षटक संपता संपेना. लोकांनी वडे गरम करून आणले तरी चालूच होतं. राजनचा चेहरा मी पाहिला नाही, पाहवत नव्हता.

शेवटी अंबरीशने षटक संपल्याचं सांगितलं. राजन पुढे आला आणि त्याने सगळे कर्णधार करतात तेच केलं. हात पसरला.

मार्लेनने माझ्या दंडात नखं रुतवली.

कुकोने चेंडू पाठीमागे नेला. "मी थकलो नाहीये," तो म्हणाला.

"थकण्याचा प्रश्न नाही, षटक झालं. सहा चेंडू झाले की दुसऱ्याला द्यायचा."

"कोणी ठरवलं?"

"नियम आहे बाबा. सगळ्यांकडूनच काढून घेतात!"

कुको मागे सरकला. त्याने एकदा कालव्याकडे पाहिलं. आर्नहेमवाले हसायला लागले. राजन घाबरला की त्याचं इंग्रजी सर्वांत आधी जातं. तो दोन्ही हात पसरून चक्क मराठीत ओरडला, "अरे दे ना! दे! परत देतो!"

"पा-र-त?" कुकोने विचारलं.

मग अंबरीशने, नियमांचा माणूस असल्यामुळे, त्याला इंग्रजीत सांगितलं. पलीकडच्या बाजूने दुसऱ्याने सहा टाकले, की हा कर्णधार तुला चेंडू परत देऊ शकतो. कोणी मैदानाबाहेर काढत नाही. तू नुसता तिथे कडेला जाऊन उभा राहा. कुकोने हे दोनदा विचारून घेतलं. ज्या खेळात चेंडू काढून घेतल्यावर माणूस मैदानातच राहतो, असा खेळ जगात आहे, हे त्याच्या कानावर कधी आलंच नव्हतं. शेवटी त्याने राजनच्या हातात चेंडू ठेवला. ठेवताना बोटं सुटत नव्हती, ते मी एवढ्या लांबून पाहिलं.

पुढचं षटक आमच्याकडच्या दिलीपने फारच सुंदर टाकलं. सामना पुन्हा आमच्याकडे झुकला. शेवटच्या षटकात आर्नहेमला बारा धावा हव्या होत्या, राजनकडे एक उत्तम गोलंदाज शिल्लक होता, आणि चषक राजनला डोळ्यांनी दिसत होता. सीमारेषेवरून कुको त्याच्याकडे बघत होता. हात पुढे केला नव्हता. नुसता बघत होता.

राजन चेंडू त्या उत्तम गोलंदाजाकडे टाकायला निघाला.

"राजन!" मी उठून ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी मैदानावर त्याला कधी हाक मारली नव्हती. "तू परत देतो म्हणालास!"

"अगं, बारा धावा हव्यात!"

"परत देतो म्हणालास ना?"

सगळं मंडळ माझ्याकडे बघायला लागलं. राजनने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आर्नहेमकडे, मग आकाशाकडे. तिथून काही मदत आली नाही. मग तो तरातरा सीमारेषेपर्यंत चालत गेला आणि त्याने कुकोच्या हातात चेंडू ठेवला.

आम्ही हरलो. पहिले तीन चेंडू अंबरीशने कायद्यात बसवले नाहीत, चौथा बसला आणि फलंदाजाने तो मैदानाबाहेर बसवला. पुढचाही. कुकोला आपण हरलो हे कळायलाच वेळ लागला, कारण तो हसत होता. तो चेंडू हातात घेऊन मार्लेनकडे आला आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलला. "काय म्हणाला?" मी विचारलं. मार्लेन डोळे पुसत होती. "म्हणतोय, त्याने खरंच परत दिला."

घरी त्या आठवड्यात वरणात मीठ होतं की नाही, कुणास ठाऊक. राजन माझ्याशी बोलत नव्हता. पण त्या रात्री मी त्याच्या पानात जास्तीचं तूप वाढलं होतं. नवरा म्हणून तो मला फार दिवसांनी आवडला होता.

बेसबॉलचा मोसम सप्टेंबरपर्यंत चालतो. सगळा उन्हाळा श्यूर्डने एक युक्ती केली. कुकोला बदलायचं असलं की तो डाव संपून संघ मैदानावरून आत येईपर्यंत थांबायचा आणि तिथेच सांगायचा, म्हणजे उंचवट्यावर जाऊन हात पसरायची वेळच यायची नाही. अध्यक्षबाईंनी हे ओळखलं. त्या दर सामन्याला पहिल्या रांगेत, मांडीवर विणकाम घेऊन बसायच्या. असं करत करत शेवटचा शनिवार उजाडला. हरले तर क्लब खालच्या वर्गात जाणार होता. आम्ही दोघं गेलो होतो, चिवडा घेऊन. राजन आता बेसबॉलला येतो. म्हणतो, चुकीचा खेळ आहे, पण माणसं ठीक आहेत.

कुको त्या दिवशी सुरेख खेळला. मला कळत नाही, पण समोरचे फलंदाज वैतागत होते, एवढं दिसत होतं. संघ एका धावेने पुढे होता. मग नवांपैकी सातव्या डावात त्याचा खांदा गेला. एक चेंडू टाकून त्याने हात खाली सोडला तो वर उचलेना, दुसऱ्या हाताने त्याने तो पोटाशी धरला. समोरच्यांची दोन माणसं धावेसाठी टपून उभी होती. आता डाव संपायची वाट बघत बसणं शक्य नव्हतं. श्यूर्ड उठला.

तो मापून टाकल्यासारख्या सुतारी पावलांनी चालत निघाला आणि अध्यक्षबाईंनी विणकाम खाली ठेवलं. मार्लेनने माझ्या दंडाची जुनीच जागा धरली. श्यूर्डने हात पसरला. आणि नेमकं तेव्हाच शिफॉल विमानतळावरचं मोठं विमान आमच्या डोक्यावर आलं. काही ऐकू येईना. कुको चेंडू छातीशी धरून काहीतरी बोलला. श्यूर्डने एकच शब्द उच्चारला. कुको त्याच्याकडे बघत राहिला. बाजूलाच तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे बीटचं शेत, कितीही लांब फेका. राजन चिवड्याचा घास तोंडात तसाच ठेवून बसला होता.

कुकोने चेंडू श्यूर्डच्या हातात ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग मान वर करून बाहेर आला. लोक उठून टाळ्या वाजवत होते आणि विमानामुळे टाळ्याही ऐकू येत नव्हत्या. मी रडत होते. खेळातलं काही न कळणारी बाई रडतेय म्हणून राजनने मला रुमाल दिला, आणि मग तो परत मागून घेतला.

कुकोच्या जागी येल्ले नावाचा दोन मीटर उंचीचा बाविशीतला पोरगा आला. त्याचा तिसराच चेंडू समोरच्याने बीटच्या शेतात मारला. क्लब हरला आणि खालच्या वर्गात गेला. राजनचं मत, कुकोने चेंडू द्यायला नको होता.

संध्याकाळी कुंपणावरून मी विचारलं, "श्यूर्डला काय म्हणालास?"

"विचारलं, परत देशील?"

"मग?"

"म्हणाला, नाही."

बस, एवढंच. पाठीवर थाप नाही, हाताला विश्रांती नाही, पुढच्या वेळी बघू नाही. डच माणूस जेवणाच्या वेळी आलेल्या पाहुण्यालाही असाच सरळ नाही म्हणतो आणि आम्ही इतकी वर्षं त्याला उद्धट म्हणत आलो. कुको मात्र खूश होता. "इतक्या देशांत इतक्या लोकांनी मागितला," तो म्हणाला. "खरं सांगून मागणारा हाच पहिला. त्याला नाही कसं म्हणणार?" मग तो भिंतीकडे नाही, स्वतःच्या हाताकडे बघत उभा राहिला.

अध्यक्षबाईंनी मीटिंग लावली, कॉफी आणि एकेक बिस्कीट झालं, आणि कुको कोच झाला. खालच्या वर्गातला, पण कोच.

या एप्रिलमध्ये पहिला सामना होता. इतकी थंडी, की राजनने चिवडा हातमोजे घालून खाल्ला. येल्ले चेंडू टाकत होता आणि सडकून मार खात होता. शेवटी बाकावरून कुको उठला. तो ज्या वाटेने आयुष्यभर लोकांना येताना बघत आला होता, त्याच वाटेने पोट सांभाळत सावकाश निघाला. येल्लेने त्याला पाहिलं आणि पाठ फिरवली. मार्लेन म्हणाली, "अरे देवा," डचमध्ये.

कुकोने हात पसरला. येल्लेने चेंडू काखेत घट्ट दाबला. हा दोन मीटरचा पोरगा, रडवेला झालेला. विमान नव्हतं, वारा आमच्याच बाजूने होता, आणि कुकोचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"दे," तो मराठीत म्हणाला. "परत देतो."

राजनला ठसका लागला. मैदानावर ती भाषा आमच्याखेरीज एकालाही येत नव्हती, येल्लेला तर नाहीच. पण त्याने कुकोच्या तोंडाकडे पाहिलं, काखेतून चेंडू काढला आणि त्या हातात ठेवला.

पुढच्या शनिवारी सकाळी मी कचरा टाकायला बाहेर गेले तेव्हा शेजारच्या खिडकीत कोरफडीची कुंडी एकटीच होती. दुपारी सामना सुरू व्हायच्या आधी कुको उंचवट्यापर्यंत चालत गेला आणि त्याने खिशातून तो जुना, पिवळा पडलेला, क्लबचाच चेंडू काढून येल्लेच्या हातात दिला. अंपायरने तो पाहून नाक मुरडलं आणि खेळायला नवा दिला. येल्लेने जुना मागच्या खिशात कोंबला आणि खेळायला उभा राहिला.